जिंकलेले कपडे धुवायचे नाहीत

हरणाऱ्या संघात सगळ्यांचेच कपडे मळतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जो संघ सारखा हरतो, त्यातल्या पुढच्या खेळाडूंचे कपडे जवळजवळ कोरडे असतात, कारण चेंडू त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मागच्या तिघीचौघींच्या हाफपँटी मातीने भरलेल्या असतात आणि गोलकीपरचे कपडे तर उचलताना जड लागतात. टेंपोतून गठ्ठा उतरला की तो सोडायच्या आधीच मला निकाल कळायचा. ते बरं होतं. कुणाला काही विचारायचं म्हटलं की मला लाज वाटते.

मी जुळे सोलापुरात मुलींच्या एका वसतिगृहात धुण्याचं काम केलं. तिथल्या मुलींचा फुटबॉलचा संघ होता. माझी शाळा चौथीत सुटली. शेजारच्या बाई दिवाळी अंकाचं काहीतरी काम बघतात. त्या म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, वेगळं होईल. मी बरं म्हणाले, आणि दुपारची भांडी झाली की लिहीत बसते. त्यांना देईनच असं नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण कागद मध्येच काही विचारत नाही.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्यामुळे माझं धुणं सामन्याच्या दिवसावर नसायचं, पाण्याच्या दिवसावर असायचं. रविवारी खेळ झाला आणि पाणी बुधवारी, तर मळलेले कपडे तसेच पडून राहायचे. मुरमाची माती ओली असताना चोळायची नाही, ती धाग्यात घुसते. आधी कडक वाळू द्यायची, झटकायची, मग भिजवायचं. रक्त गार पाण्यात मीठ घालून काढायचं. गरम पाणी लागलं की डाग जन्माचा. पाठीवरचे नंबर चिकटवलेले असतात, म्हणून पिळायचं नाही, उलटं करून सावलीत टाकायचं. उन्हात टाकलं तर एका हंगामात लाल रंगाचा विटकरी होतो. शेवटचं खळबळलेलं पाणी संडासाला. इतकं सांगितलं की माझं सगळं काम सांगून झालं.

पण कपडे धुता धुता माणसं कळतात. मुमताज नावाची एक मुलगी होती, कायमची राखीव. सबंध हंगामात ती मैदानात उतरली नव्हती म्हटलं तरी चालेल. तरी तिचा शर्ट दर वेळी मातीने माखलेला असायचा. मला कळेना. एकदा मैदानावर पाण्याचे कॅन पोचवायला गेले तेव्हा पाहिलं. सगळ्या टेंपोकडे निघाल्यावर ही गोलच्या खांबामागे बसून मूठभर मुरूम शर्टावर घासत होती. मला बघून हसली.

"किसीको बोलो नक्को मावशी. धुनेकू तुमको तकलीफ होती, मालूम है. लेकिन साफ शर्ट देनेकू मेरेकू शरम आती."

मी कुणाला बोलले नाही. तिचा शर्ट मी इतरांच्याइतकाच वेळ घासायचे.

ज्या हंगामाबद्दल मला लिहायचं आहे, त्या हंगामात आमचा संघ सगळ्यांत खाली होता. जिल्ह्याच्या लीगमध्ये जो संघ शेवटी राहतो, तो पुढच्या वर्षी खालच्या गटात जातो. तिथे बघायला कुणी येत नाही, मैदानही गावाबाहेरचं मिळतं. तीन सामने उरले असताना आमचं खाली जाणं ठरून गेलं. पुढचे तिन्ही जिंकले तरी वरचा संघ गाठता येणार नव्हता. त्या संध्याकाळी मुली नळाजवळ बूट धूत बसल्या होत्या, मी दोरीवरचे मोजे काढत होते.

लक्ष्मी आमची कॅप्टन. पूर्व भागातल्या विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. मला अक्का म्हणायची. ती म्हणाली, "आता कशाला मरायचं बे? जिंकलो तरी खाली, हरलो तरी खाली. आरामात खेळू. कुणाचे पाय मोडायला नकोत."

मुमताज म्हणाली, "तो फिर मेरेकू उतारो ना. हारनाइच है तो मैं बी हार के देखती."

सगळ्या हसल्या. सुनंदा हसली नाही. सुनंदा म्हणजे आमची गोलकीपर. सांगोल्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. आईबाप मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने फिरतीवर, म्हणून तिला वसतिगृहात ठेवलेली. उंच, हाताचे पंजे मोठे, बोलणं कमी. माझ्यासारखीच बुजरी, म्हणून मला जवळची.

ती म्हणाली, "तुमाला फरक पडत न्हाय. मला पडतो की."

तिचं म्हणणं सगळ्यांना माहीत होतं. शेवटचा सामना पहिल्या नंबरच्या संघाशी होता. त्या संघातल्या मुली बघायला जिल्ह्याच्या निवड समितीचे लोक येणार होते. जिल्ह्याकडून खेळलं की पुढे राज्य, आणि राज्याचं प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांवर अर्ज करता येतो, असं संघाला शिकवणाऱ्या सरांनी तिला सांगितलं होतं. सुनंदाला पोलीस व्हायचं होतं. तिच्या घरात पक्क्या भिंतीत राहणारं कुणी नव्हतं, आणि पोलिसांना क्वार्टर मिळते एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

लक्ष्मी म्हणाली, "अगं, गोली तर बघतीलच की. सगळ्यांत जास्त चेंडू तुझ्याकडंच येणार."

"सात गोल खाल्लेली गोली कोण घेतंय? तळातल्या संघाचं नाव वाचलं की ते पान उलटत्यात. सर म्हणले, आधीचे दोन जिंकून दावा, मग त्यांची मान वर व्हईल."

लक्ष्मीने बुटातला मुरूम काढला आणि म्हणाली, "बरं. तुझ्यासाठी म्हणून." ती चेष्टेत म्हणाली की खरंच, ते मला तेव्हा कळलं नाही.

उरलेल्या तिनांतला पहिला सामना आमच्या मुलींनी एका गोलने जिंकला. मी गठ्ठ्याची वाट बघत बसले, तर टेंपोतून गाणी म्हणत नुसत्या मुली उतरल्या. गठ्ठा नाहीच. मी टोपली घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. लक्ष्मीने हात आडवा केला.

"अक्का, जिंकलेले कपडे धुवायचे नाहीत. नशीब धुऊन जातं."

"वास मारंल गं."

"मारू दे. तुमी धुतलेल्या कपड्यात आमी सबंध हंगाम हरलो. बघा बरं, दोष कशात निघतो?"

पोरी खिदळल्या. मीही हसले, पण लागलं थोडं. ही रीत काही तिने काढलेली नव्हती, पोरांच्या संघात असते असं मी ऐकलं होतं. वॉर्डनबाई तर खूश झाल्या, पाण्याची बचत. तीन दिवसांनी त्याच बाई नाकाला पदर लावून विचारत होत्या, कुठे उंदीर मेलाय का म्हणून.

त्याच सामन्यात सुनंदाचा गुडघा फुटला होता. आमच्या मैदानावर गोलच्या पुढे गवत नाही, मुरूम आहे. खेळ संपत आला असताना समोरच्या मुलीने जोरात मारलेला चेंडू सुनंदाने खाली झोकून देऊन अडवला. तो गेला असता तर बरोबरी झाली असती. गुडघ्यावर आधीचीच नी-कॅप होती, त्या पट्ट्याखाली खडे गेले आणि कातडं निघालं. तिने घरच्यासारखी हळद दाबली आणि नी-कॅप वर ओढून घेतली. नी-कॅपही जिंकलेल्या कपड्यांत धरलेली, म्हणून तीही धुवायची नव्हती.

दुसरा सामनाही जिंकले. आता शाळेतल्या बाई, वॉचमन, किराणावाला, सगळे विचारू लागले. किराणावाला म्हणाला, "आता जिंकून काय उपयोग? परीक्षा संपल्यावर अभ्यास केल्यासारखं." लक्ष्मीने त्याला सांगितलं, "काका, आमाला शिकवू नका. तुमी आधी साखरेतल्या मुंग्या काढा." एरवी ती असं बोलायची नाही. त्या आठवड्यात पोरी खांदे मागे टाकून चालत होत्या. जेवणाच्या रांगेत मोठ्याने बोलत होत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे त्या जिंकण्याचा काहीच उपयोग नव्हता असं मला लिहिता येणार नाही.

पण मी सुनंदाची चालही बघत होते. जिना उतरताना ती कठड्याला धरायची. तिसऱ्या सामन्याच्या तीन-चार दिवस आधी ती न्हाणीतून बाहेर येत नव्हती म्हणून मी हाक मारली. ती खाली बसून नी-कॅप काढत होती आणि ती निघत नव्हती. जखमेला चिकटली होती. मी कोमट पाणी ओतून हळूहळू सोडवली. आतून पिवळं झालं होतं. गुडघा भोपळ्यासारखा आणि हाताला गरम.

"सरांना सांगते," मी म्हणाले.

"मावशी, न्हाय. तुमच्या पाया पडते. योक मॅच ऱ्हायली."

मी सांगितलं. ऑफिसच्या दाराशी उभी राहून, चौकटीकडे बघत सांगितलं, पण सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. लगेच तिला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि आराम करायला सांगितलं. परत आल्यावर सर पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "दुसरी गोलकीपर नाही मावशी आपल्याकडे. आणि ती ऐकणार पण नाही. रविवारपर्यंत गोळ्यांनी उतरलं तर बघू." सूज थोडी उतरली. तेवढं पुरलं.

ती नी-कॅप माझ्याकडेच राहिली होती. शुक्रवारी पाणी आलं. मी आधी मिठाच्या गार पाण्यात रक्त काढलं, मग कडुनिंबाचा पाला टाकून पाणी उकळलं आणि नी-कॅप त्यात बुडवून ठेवली, खळबळून काढली, परत उकळली. वाळल्यावर ती इतकी स्वच्छ दिसायला लागली की लक्ष्मीने लांबूनच ओळखलं असतं आणि तिथेच पोरींचा धीर गेला असता. म्हणून मी मुमताजचं काम केलं. गोलच्या पुढचा मुरूम आणला आणि नुसता बाहेरच्या बाजूने घासला. आतली बाजू उलटी करून दोनदा बघितली. चांगली धुतलेली वस्तू हाताने मळवायची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली. सुनंदाने जखमेवर पट्टी बांधून वरून ती चढवली आणि तिला काही कळलं नाही.

तो सामना मी पाहिला. फुटबॉल मला अजूनही पुरता कळत नाही, पण गोलकीपरचं काम कळतं. निवड समितीचे दोघे खुर्च्या टाकून बसले होते. पहिल्या नंबरचा संघ, त्यामुळे सगळा खेळ आमच्याच बाजूला. सुनंदा उजव्या पायावर उडी घ्यायची आणि उतरायचीही उजव्यावरच, दुखऱ्या डाव्या गुडघ्याला जमीन लागू न देता. एक गोल गेला. मग कुठून तरी लक्ष्मीने बरोबरी केली, आणि उत्तरार्धात एक चेंडू त्यांच्याच मुलीच्या अंगाला लागून आत गेला. शेवटी शेवटी सुनंदाने लागोपाठ तीन चेंडू काढले. तिसऱ्याला तिला त्याच गुडघ्यावर पडावं लागलं. समितीतला एक जण उठून उभा राहिला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "नाव काय या गोलकीपरचं?" मी त्यांच्या मागेच पाण्याच्या कॅनजवळ होते. नाव मी सांगितलं. अनोळखी पुरुषाशी आपणहून मी आयुष्यात फार वेळा बोललेले नाही.

आमच्या मुली जिंकल्या. तळातच राहिल्या, पण जिंकल्या. टेंपोत बसतानाच सुनंदाला थंडी वाजायला लागली. वसतिगृहात पोचेपर्यंत अंग भाजत होतं.

सरकारी दवाखान्यात तिला दाखल केलं. सांध्यात पू झाला होता. डॉक्टरांनी गुडघा उघडून आतून धुतला. काही दिवसांनी परत उघडला, परत धुतला. मी डबा घेऊन जायचे. पहिल्याच सामन्यात बारीक खडा आत गेला असणार आणि विष तेव्हापासूनच आत उतरत होतं, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

ती खाटेवर असतानाच निवडीची चिठ्ठी आली. जिल्ह्याच्या शिबिरासाठी आमच्या संघातून एकच नाव होतं. सरांनी ती चिठ्ठी तिला वाचून दाखवली. ती "बरं" म्हणाली. शिबिर सुरू झालं आणि संपलंही, तेव्हा ती भिंत धरून संडासापर्यंत जायला शिकत होती. तिच्या जागी कुणीतरी दुसरी गेली असेल.

लक्ष्मी वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसायची, आत जायची नाही. मला म्हणाली, "अक्का, माझ्यामुळं झालं. मीच म्हटलं धुवायचं नाही. ते पहिल्या दिवशीच धुतलं असतं तर..."

"खडा आत गेला होता. डॉक्टरबाई म्हणल्या," मी सांगितलं. तिला पटेना. ती हुंदके द्यायला लागली, म्हणून मी जे कुणाला सांगणार नव्हते ते सांगून टाकलं. "शेवटच्या मॅचला तिची नी-कॅप धुतलेली होती. मी उकळून धुतली, आणि वरनं माती लावली."

मला वाटलं तिचं ओझं उतरेल. तिने डोळे पुसले.

"म्हणजे नशीब नव्हतं?"

"मला काय माहीत."

"मग आपण जिंकलो कसं, अक्का?"

"खेळलात म्हणून."

तिने मान हलवली, पटलं नाही म्हणून. हंगामभर हरलेल्या पोरी त्या. आपल्या पायांनी जिंकलो हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

सुनंदाची आई एकदाच आली. कळप मधेच कुठेतरी बसवून, दोन एसट्या बदलून. लेकीच्या पायाकडे बराच वेळ बघत होती. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "वाकंल का वं कधी?"

"थोडा वाकंल म्हणत्यात."

"थोडा न्हाय भागत बाई आमचं. मेंढरामागं चालाया पाय लागतो. खाली बसाया लागतं, उठाया लागतं." मग तिने विचारलं, "त्या जिंकल्या का पण? त्यात हिचं काय झालं का?"

मी म्हटलं, निवड झाली होती. तिने निवड म्हणजे काय ते विचारलं नाही. पिशवीतून भाकरी काढून लेकीच्या उशाशी ठेवल्या.

गुणतक्त्यात आम्ही शेवटीच होतो. पुढच्या वर्षी संघ खालच्या गटात गेला आणि त्याच्या पुढच्या वर्षी संस्थेने तो बंद केला. त्या तीन सामन्यांनी संघ एक वर्ष जास्त चालला असं सर म्हणतात. असेलही. मुमताजला त्या एका वर्षात बऱ्याच वेळा खेळायला मिळालं, आणि तिचे कपडे खरोखर मळून यायला लागले. लक्ष्मीने खेळणं सोडलं. वसतिगृहाने पुढे धुण्याचं यंत्र आणलं, तेव्हा मीही थांबले.

गेल्या वर्षी भाचीच्या गावी जाताना टेंभुर्णीला गाडी बदलायची होती. स्टँडसमोर मोबाईलच्या दुकानात उंच स्टुलावर सुनंदा बसली होती, एक पाय सरळ पुढे टाकून. मी ओळखलं, पण हाक मारायला धजले नाही. तिनेच मारली. मालकाला सांगून बाहेर आली. पायरी उतरताना तिला आधी तो पाय खाली ठेवून मग दुसरा आणावा लागतो. मी दुसरीकडे बघितलं.

पगार बरा आहे म्हणाली. खोली भाड्याची. आईबाप अजून फिरतीवरच. भरतीच्या जाहिराती येतात तेव्हा दुकानात पोरं फॉर्म भरायला येतात, त्यांचे फोटो तीच काढते. मी म्हटलं, आमच्या तिथले लोक अजून तुझ्या शेवटच्या मॅचबद्दल बोलतात. हे खोटं होतं. आता कुणी बोलत नाही.

तिलाही ते कळलं असावं. ती म्हणाली, "शेवटची न्हाय आठवत मावशी. पयली आठवती. गुडघा फुटला ती. तो चेंडू मी जाऊ दिला असता तर बरोबरीच झाली असती की. त्या वर्षी मी किती चेंडू जाऊ दिले. योक अजून गेला असता, तर कुणाला कळलं असतं?"

तिने ते तक्रारीच्या सुरात विचारलं नव्हतं. खरंच विचारत होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. कुणालाच कळलं नसतं. मला ते ठाऊक होतं, आणि तिलाही.

मी म्हटलं, "माझ्या गाडीला वेळ हाय. च्या घेऊ."

"चला," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडायला दोन्हीकडची वाहनं थांबायची वाट बघत आम्ही बराच वेळ तिथे उभ्या राहिलो. ती घाईने ओलांडू शकत नाही.